बिऱ्हाड आणि कचेरी

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे सुरू झालेली आगगाडी पुढील वर्षी कल्याणपर्यंत पोहोचली. आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ५४ किलोमीटरवरील या शहरातून असंख्य चाकरमानी रोज ये-जा करतात. कचेरीजवळ बिऱ्हाड हलवावे काय, हा प्रश्न त्यांच्या घरी अधूनमधून निघतोच.

बहुधा तुलना होते ती मासिक पास आणि घरभाडे यांची. पास स्वस्त असल्याने निकाल ठरलेला असतो. मात्र या हिशेबात वेळ धरला जात नाही. उंबरठ्यापासून कचेरीतील मेजापर्यंत पावणेदोन तास लागत असतील, तर कामाच्या २२ दिवसांत जाऊन-येऊन ७७ तास खर्ची पडतात. आठ तासांच्या मापाने नऊ दिवसांहून अधिक! गर्दीत उभ्याने केलेल्या प्रवासाचा शीण निराळाच.

तथापि, हे तास एकट्याचे नसतात. पतीची कचेरी फोर्टात व पत्नीची शाळा कल्याणात असेल, तर स्थलांतराने एकाची धावपळ थांबून दुसऱ्याची सुरू होते. कचेऱ्याही हलतात, फोर्ट, नरिमन पॉइंट येथील कित्येक वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या. शासकीय सेवकाला तर बदली आहेच. २००५ च्या बदली अधिनियमानुसार एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे. अशा स्थितीत कर्ज काढून घर घेण्यापूर्वी अकरा महिन्यांच्या कराराने राहून पाहणे इष्ट. त्या मुदतीत एक पावसाळा अवश्य यावा.