गाडीचं नाव नको, सीसी बघ

पुणे, ९ जून

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

दहावीचा निकाल कळला, ऊर भरून आला. काल फोनवर तू म्हणालीस, “आत्या, बाबा मला स्कूटी घेणार. सोळा पूर्ण झाली, आता लायसन मिळतं.” आजीनेही दुजोरा दिला, कारण मी त्या वयात लुना चालवायचे हे तिला आठवतं. पण नियम तुमच्यापर्यंत अर्धाच पोचलाय. उरलेला अर्धा नीट वाचता यावा म्हणून पत्र लिहितेय.

आपण मोपेड, स्कूटर, मोटारसायकल अशी वेगळी नावं घेतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या लेखी मात्र या सगळ्या ‘मोटारसायकल’च. लायसन देताना दोन गोष्टी पाहतात: गाडीला गिअर आहे का आणि इंजिन किती सीसीचं. दुचाकीसाठीही वयाची अट १८ वर्षांचीच आहे. सोळाव्या वर्षाची सवलत आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीला, आणि त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते.

माझी लुना ५० सीसीची होती. संमतीचा कागद वडिलांनी दोनदा वाचला आणि विचारलं, “चौकातला सिग्नल बंद असला तर काय करशील?” मला उत्तर देता आलं नाही. सही त्यांनी पुढच्या रविवारी केली, उत्तर पाठ नव्हे, पटलंय याची खात्री झाल्यावर.

आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोलच्या गिअरलेस स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या असतात. खेड्यापाड्यांत दुधाचे कॅन वाहणारी एक्सएल हंड्रेड मोपेड म्हणून ओळखली जाते, पण तिचं इंजिनही जवळपास १०० सीसीचं. ‘गिअर नाही, म्हणजे सोळाला चालते’ हा समज इथेच चुकतो. घेतलेली गाडी घरात उभी राहील, तुला मात्र ती दोन वर्षं रस्त्यावर नेता येणार नाही.

नेलीस तर काय होईल, हे बाबाला वाचून दाखव. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मला माहीत नव्हतं, हे त्यानेच सिद्ध करायचं. आणि तुला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन मिळणार नाही. कुणाला धडक बसली तर विमा कंपनी भरपाई देऊन ती बाबाकडून वसूल करू शकते. घाई तुझी आणि कोर्टात उभा तो, हे मला सहन होणार नाही.

दुकानदार म्हणेल, इलेक्ट्रिक घ्या, लायसनच नको. तेही तपासून घे. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच ती मोटार वाहनात धरत नाहीत. कागद मागून वाच, आणि पुढे वेग वाढवून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस. अशी गाडी घेतलीस तरी हेल्मेट घालच.

अठरा पूर्ण झाली की लर्निंग लायसन काढ. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसनच्या परीक्षेला बसता येतं. तोवर पुढे-मागे लाल ‘एल’ लाव आणि शिकवणाऱ्याखेरीज कुणाला मागे बसवू नकोस. परीक्षा गिअरच्या गाडीवर दे. विनागिअरच्या लायसनवर मैत्रिणीची बुलेट चालवलीस, तर ते बिनलायसन चालवणंच ठरतं.

बाबाला ठरवलेले पैसे बाजूला ठेवू दे. अठरा पूर्ण होईपर्यंत सायकलवर रस्ता शिक: हात दाखवणं, मागे पाहणं, चालणाऱ्याला आधी जाऊ देणं. या सवयी पुढे तुझ्या गाडीबरोबर येतील.

सुट्टीत पुण्याला ये. बंद सिग्नलचा तो प्रश्न मी तुला विचारणार आहे, तेव्हा चौकात उभी राहून जरा बघून ये.

तुझी,
आत्या