सूर्य मावळण्यापूर्वी

पाठ : लूक ३:७-१४, अनुवाद २४:१४-१५, यिर्मया २२:१३-१६



‘पाचारण’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर पाळक, सुवार्तिक किंवा दूरच्या पाड्यावर सेवा करणारे कार्यकर्ते येतात. आपण घर, दुकान, शेती, नोकरी सांभाळणारी माणसे. आपण प्रार्थना करतो, अर्पण देतो आणि सेवा ‘त्यांनी’ करावी असे समजतो. आजच्या पाठातून या समजुतीकडे पाहू या.

काम तेच, मनुष्य नवा

यार्देनेच्या काठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा संदेश ऐकून लोकांची मने हलली. त्यांनी विचारले, मग आम्ही काय करावे? योहानाने कोणालाही रानात येऊन राहायला सांगितले नाही. दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये, शिपायाने कोणाला धमकावून पैसे उकळू नयेत व आपल्या पगारात समाधान मानावे, असे त्याने सांगितले. जकातदार जकातीच्या नाक्यावर परत जाणार होता, पण त्याचा हात आता वेगळा चालायचा होता. पश्चात्तापाचे फळ असे कपड्यांच्या पेटीत, हिशेबाच्या वहीत आणि पगाराच्या दिवशी दिसते.

मजुरी आणि दान

एक गोष्ट कबूल करतो. एका शनिवारी आमच्या परसातले गवत काढायला जवळच्या वाडीवरची एक कातकरी मावशी आली होती. दिवसभर ती वाकून काम करीत होती. संध्याकाळी मी खिसा चाचपला आणि म्हणालो, “मावशी, सुट्टे नाहीत. सोमवारी या, देतो.” “बरं दादा,” एवढेच म्हणून ती गेली. दुसऱ्या दिवशी उपासनेत मी ‘आदिवासी सेवाकार्यासाठी’ असे लिहिलेल्या पाकिटात नोट घातली आणि समाधानाने घरी आलो. सोमवारी मावशी आली तेव्हा सहज बोलून गेली, “दोन दिस शेजारणीकडनं तांदूळ उसनं घेतलं.”

मी पाकिटात घातलेली ती नोट खरे तर कोणाची होती?

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात देव सांगतो की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. मग तो आपल्यातला असो वा परका. कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन त्या मजुरीकडे लागलेले असते. त्याने देवाकडे गाऱ्हाणे केले तर ते आपल्याला पाप ठरेल. येथे देवाने दयेची गोष्ट काढलेलीच नाही. मजुरी मजुराची आहे. ती आपल्या खिशात रात्रभर राहिली, तर दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिली. अडवलेल्या मजुरीतून दिलेले अर्पण हे अर्पण होत नाही.

विटांमागचे हात

रायगड, ठाणे, पालघरकडची अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आधी घेतलेली उचल आणि दर आठवड्याची खर्ची मजुरीतून वजा होते. हिशेब दुसऱ्याच्या वहीत असतो. ज्याला वाचता येत नाही तो काय तपासणार? पुष्कळदा हंगाम संपतो आणि उचल मात्र फिटत नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, तरी कर्जाची ही गाठ सगळीकडे सुटलेली नाही. मुलांची शाळा मात्र दरवर्षी सुटते.

त्याच विटांनी आपली घरे उभी राहतात, कधी मंडळीची इमारतही. यिर्मयाने यहोयाकीम राजाला नेमके याच बाबतीत सुनावले. राजा गंधसरूचे तक्तपोशी केलेले प्रशस्त घर बांधत होता, पण मजुरांना त्यांची मजुरी देत नव्हता. त्याचा बाप योशीया मात्र दीनदुबळ्यांचा न्याय करीत असे. आणि देवाला ओळखणे ते हेच, असे संदेष्टा म्हणतो. देवाची ओळख उपासनेत जेवढी, तेवढीच मजुरी मोजतानाही होते.

आपण काय करावे?

१. कामाला लावण्याआधी मजुरी ठरवावी. ती संध्याकाळीच, पूर्ण द्यावी. सुट्टे पैसे सकाळीच आणून ठेवावेत.

२. उचल दिली असेल तर हिशेब मजुरासमोर मोठ्याने वाचून दाखवावा. न वाचता अंगठा घेऊ नये.

३. घर किंवा मंडळीचे बांधकाम काढल्यास ठेकेदाराला विचारावे : मजुरांचे पैसे चुकते झाले का?

४. कामावर आलेल्या माणसाचे नाव विचारावे. जेवायच्या वेळी त्याला सावलीत बसायला जागा आणि प्यायला पाणी द्यावे.

मनन व चर्चेसाठी

• माझ्याकडे आज कोणाची मजुरी किंवा देणे राहिले आहे?

• माझ्या घरी वा कामावर येणारा मनुष्य माझ्याविषयी देवाजवळ काय सांगत असेल?

प्रार्थना

हे प्रभू, तू स्वतः सुताराच्या घरी वाढलास आणि हातांनी काम केलेस. आमच्या दारी राबणाऱ्यांमध्ये तुला ओळखायला आम्हाला शिकव. ज्याचे त्याला वेळेवर देण्याची बुद्धी दे, आणि मग जे आमचे उरेल ते आनंदाने तुझ्या कार्याला देऊ दे. आमेन.