दाब की गारवा? – सोड्याच्या पाण्याचा एक अभ्यास

सोड्याचे पाणी म्हणजे पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांत यालाच कर्बद्विप्राणिद म्हणत. १७६७ साली लीड्स येथे जोसेफ प्रिस्टले याने बिअरच्या हौदावर पाण्याचे भांडे टांगून असे पाणी तयार केले. पुढे १८७० च्या दशकात हायरम कॉड याची गोटीची बाटली आली, आणि सातारा-सांगलीच्या जत्रांत ती आजही फोडली जाते.

परदेशातील हौशी लोक आडव्या डीप फ्रीजरला तोट्या बसवून घरीच बिअरचे पिंप थंड ठेवतात. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून दारू तयार करणे गुन्हा आहे. परंतु पिंपात काय भरले याचे यंत्राला सोयरसुतक नसते. आमचा सांगलीत सोड्याचा गाडा आहे व मामांचा साताऱ्यात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामांनी एक जुना डीप फ्रीजर आणला आणि आम्ही दोघांनी त्याचे सोडायंत्र केले. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. वडिलांच्या उजव्या मनगटावर उन्हाळ्यात फुटलेल्या बाटलीचा व्रण आहे, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

मूळ तत्त्व असे. विल्यम हेन्री याने १८०३ साली मांडलेल्या नियमानुसार, दाब दुप्पट केला की विरघळणारा वायूही दुप्पट होतो. पण तापमानाचा वाटाही मोठा आहे. हवेच्या साध्या दाबाला ० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर वायू मावतो. ३० अंशाला पाऊण लिटरही मावत नाही. लिटरमागे चार लिटर वायू असलेला झणझणीत सोडा हवा, तर ३० अंशाला हवेच्या सुमारे सहापट दाब लागतो. ३ अंशाला मात्र २.६ पट पुरतो. म्हणजे जे काम दाब करतो, त्यातले निम्म्याहून अधिक गारवा करू शकतो.

आता रचना पाहू. आडवी पेटी घेण्याचे कारण, थंड हवा जड असते. वरचे झाकण उघडले तरी ती खाली सांडत नाही. पेटीच्या भिंती मात्र भोके पाडण्यासाठी नाहीत, कारण त्यांच्या आत गॅसच्या नळ्या दडलेल्या असतात. म्हणून सुताराकडून पेटीच्या मापाची लाकडी चौकट करून घेतली, ती पेटी व झाकण यांच्यामध्ये बसवली आणि तोट्या तिच्यातून काढल्या.

फ्रीजर उणे १८ अंशापर्यंत जातो. तेवढ्यात पाण्याचा बर्फ होईल. त्यासाठी वीज तोडणारा-जोडणारा तापमान-नियंत्रक मध्ये घातला. त्याची तार पिंपाला चिकटवून वर कापड गुंडाळले, कारण आपल्याला हवेचे नव्हे, पाण्याचे तापमान ३ अंश ठेवायचे असते. कॉम्प्रेसर थांबल्यावर पुन्हा सुरू होण्यापूर्वी काही मिनिटांची विश्रांती ठेवावी, नाहीतर तो लवकर निकामी होतो.

पिंप स्टेनलेस स्टीलचेच हवे. तांब्याचे भांडे घरोघरी पवित्र मानतात. पण सोडा आम्लधर्मी असल्याने त्यात तांबे विरघळते, म्हणून तांब्या-पितळेचा तुकडाही वाटेत नसावा. सिलिंडरवरील रेग्युलेटरचा काटा १.६ वर ठेवावा. हवेचा स्वतःचा एक दाब त्यात धरलेला नसतो. असे पिंप आठवडाभर ठेवले की सोडा तयार होतो, हलवल्यास लवकर. पिंपापासून तोटीपर्यंतची नळी बारीक व काही मीटर लांब असावी. ती आखूड असली, तर ग्लासात नुसता फेस येतो.

सावधगिरीच्या तीन गोष्टी. सिलिंडर उभा, बांधून व सावलीत ठेवावा. ३१ अंशाच्या वर त्यातील द्रव द्रवरूपात राहत नाही आणि दाब झपाट्याने वाढतो, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर चाळिशीला टेकतो. जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास पेटीत साचतो व तिथे श्वास कोंडतो. झाकण उघडून थोडा वेळ थांबल्याशिवाय आत वाकू नये.

या यंत्राला मर्यादाही आहेत. ते गाड्यावर चढत नाही आणि विजेवाचून चालत नाही. जाड भिंतींमुळे वीज गेली तरी काही तास गारवा टिकतो, एवढेच. गोटीच्या आवाजावर जीव असलेले गिऱ्हाईक तोटीकडे वळेल, याचीही खात्री नाही. म्हणून वडील थोड्या बाटल्या अजून भरतातच. परंतु भर उन्हात काचेची बाटली सहापट दाबाने भरण्याची वेळ कमी वेळा यावी, यासाठी ही खटपट आहे. पुस्तकात दोन ओळींत संपणारा हेन्रीचा नियम ज्यांच्या हातांशी रोज गाठ घालतो, त्यांच्यापर्यंत तो पोचवणे हेही आपल्यासारख्या शिकणाऱ्यांचे काम आहे, असे मला वाटते.