विजेविना दंतरक्षण

परदेशांतील दरिद्री वस्त्यांत सेवाभावी दंतवैद्य अल्पकाळच जातात. जेथे वीज नाही, तेथे बालकांचे किडलेले दात काढून टाकण्यावाचून पूर्वी गत्यंतर नसे. १९८०च्या दशकाच्या मध्यास टांझानियात यावर सोपी पद्धत विकसित झाली. केवळ हाताच्या उपकरणांनी कीड कोरून काढावयाची व पोकळीत ग्लास आयोनोमर सिमेंट भरावयाचे. बहुतेकदा भूलही लागत नाही. हे सिमेंट दातास चिकटते व फ्लोराइड सोडते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. कीड मुळापर्यंत गेल्यास मात्र हा उपाय चालत नाही. म्हणून वेळीच तपासणी हवी. स्वयंसेवक परततात, प्रशिक्षित स्थानिक कर्मचारी तेथेच राहतात. दात्यांनी शिबिरांकडून अशा प्रशिक्षणाचाही हिशेब अवश्य मागावा.