परदेशी कंपनी, भागधारकाचा दावा आणि लागू होणारा कायदा

भारतीय रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये सुरू केलेल्या लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेमुळे निवासी भारतीयास परदेशी कंपन्यांचे शेअर्स खरेदी करणे सुलभ झाले. आज या योजनेखाली प्रत्येक व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. अशी गुंतवणूक करताना भाव, लाभांश आणि कर यांचा विचार केला जातो. मात्र कंपनीच्या संचालकांनी गैरकारभार केल्यास दाद कोणत्या देशाच्या कायद्याखाली मागावयाची, हा प्रश्न बहुधा दुर्लक्षितच राहतो.

डेरिव्हेटिव्ह दावा म्हणजे काय?

कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते. त्यामुळे तिचे नुकसान झाल्यास दावा करण्याचा अधिकारही तिचाच, हे तत्त्व इंग्लंडमधील फॉस विरुद्ध हार्बॉटल या १८४३ च्या खटल्यात प्रस्थापित झाले. परंतु कुंपणानेच शेत खाल्ले तर काय? ज्या संचालकांविरुद्ध तक्रार आहे, त्यांच्याच हाती कंपनीचे निर्णय असतात. अशा वेळी भागधारकास कंपनीच्या वतीने न्यायालयात जाण्याची मुभा कायदा देतो. यालाच डेरिव्हेटिव्ह दावा म्हणतात. त्यात मिळणारी भरपाई भागधारकास नव्हे, तर कंपनीस मिळते. शेअर बाजारातील डेरिव्हेटिव्ह व्यवहारांशी या संज्ञेचा काहीही संबंध नाही.

नोंदणीच्या देशाचा कायदा

कंपनी, तिचे संचालक आणि भागधारक यांच्यातील परस्परसंबंधांना ती ज्या देशात वा राज्यात नोंदली गेली तेथील कायदा लागू होतो. अमेरिकेत यास अंतर्गत कारभाराचे तत्त्व म्हटले जाते. त्यामागील कारण व्यवहार्य आहे. एकाच कंपनीचे शेअर्स अनेक देशांच्या बाजारांत खरेदी-विक्री होतात. प्रत्येक देशाने आपापला कायदा लावल्यास त्याच संचालकाची कर्तव्ये देशागणिक बदलतील आणि कारभार करणेच अशक्य होईल.

बार्कलेज खटला

न्यूयॉर्क राज्याचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या कोर्ट ऑफ अपील्सने मे २०२५ मध्ये एझ्रासन्स विरुद्ध रड या खटल्यात हे तत्त्व कायम ठेवले. एझ्रासन्स या कंपनीकडे बार्कलेज या इंग्लिश बँकेचे शेअर्स लाभार्थी मालक या नात्याने होते. भागधारकांच्या नोंदवहीत मात्र तिचे नाव नव्हते. न्यूयॉर्कचा कंपनी कायदा लाभार्थी मालकासही दाव्याचा अधिकार देतो आणि त्यात परदेशी कंपन्यांचाही उल्लेख आहे, असा तिचा युक्तिवाद होता. त्या उल्लेखामुळे अंतर्गत कारभाराचे तत्त्व बाजूस सारले जात नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. इंग्लिश कायद्यानुसार असा दावा नोंदणीकृत सभासदच करू शकतो. परिणामी दावा फेटाळला गेला.

हक्क आणि कार्यपद्धती

या तत्त्वासही मर्यादा आहे. दाव्याचा हक्क कोणाला, हे नोंदणीच्या देशाचा कायदा ठरवितो. परंतु न्यायालयीन कार्यपद्धती मात्र जेथे खटला चालतो तेथील असते. केमन बेटांवर नोंदलेल्या स्कॉटिश री समूहाच्या खटल्यात हा भेद स्पष्ट झाला. असा दावा पुढे चालविण्यासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी, असा केमनचा नियम आहे. तो केवळ कार्यपद्धतीचा असल्याने न्यूयॉर्कमध्ये बंधनकारक नाही, असे याच न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले होते.

वैयक्तिक नुकसानीचा दावा याहून भिन्न होय. सत्यम प्रकरण २००९ मध्ये उघडकीस आल्यानंतर अमेरिकेत तिच्या डिपॉझिटरी शेअर्सच्या धारकांनी तेथील रोखे कायद्याखाली सामूहिक दावा केला. कंपनीने २०११ मध्ये १२.५ कोटी डॉलर देऊन तो तडजोडीने मिटविला. तेथे धारकांनी स्वतःच्या नुकसानीसाठी दाद मागितली होती, कंपनीच्या वतीने नव्हे.

ग्राहकांसाठी बोध

भारतात डीमॅट खातेदाराचे नाव डिपॉझिटरीच्या नोंदीत असल्यास कंपनी कायदा, २०१३ त्यास सभासद मानतो. त्यामुळे "शेअर माझ्या खात्यात आहे, म्हणजे मी सभासद आहे" ही समजूत येथे योग्य ठरते. इंग्लिश कंपनीच्या बाबतीत ती फसवी ठरू शकते. परदेशी दलालामार्फत घेतलेले शेअर्स बहुधा मध्यस्थ संस्थेच्या नावे असतात आणि ग्राहक हा केवळ लाभार्थी मालक असतो.

म्हणून परदेशी शेअर्स खरेदी करण्यापूर्वी तीन गोष्टी पडताळून पाहणे हिताचे ठरते: कंपनी कोठे नोंदलेली आहे, नोंदवहीत नाव कोणाचे राहणार आहे आणि तेथील कायदा लाभार्थी मालकास कोणते अधिकार देतो. शेअर्सची खरेदी-विक्री कोणत्या बाजारात होते, यावरून कंपनीच्या वतीने दावा करण्याचा हक्क ठरत नाही.