पाठीचे ऑपरेशन, परदेशवारी आणि विम्याचा नकार

खड्डा मागावर पाय सोडून दिवसभर वाकून बसणारा मोमिनपुऱ्याचा विणकर, अड्ड्यावर जरीकाम करणारा कारागीर, संत्रा मार्केटात पेट्या उचलणारा हमाल, गाडीखाली आडवा होऊन काम करणारा मिस्त्री आणि गल्ल्यावर बारा-बारा तास बसणारा दुकानदार, या सर्वांची एक तक्रार सारखी असते. कंबर धरते आणि कळ पायात उतरते. एम.आर.आय. काढला की कागदावर लिहून येते, चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकती सरकली आहे. डॉक्टर ऑपरेशनचे नाव काढतात. विमा कंपनीचे पत्र येते, "दावा नामंजूर." मग कोणी नातेवाईक आखाती देशातून फोन करतो, कोणी एजंट रंगीत माहितीपत्रक दाखवतो आणि सांगतो की परदेशात कृत्रिम चकती बसवून मिळते, माणूस चौथ्या दिवशी चालू लागतो. अशा वेळी दुकानाची पागडी विकण्याचा किंवा व्याजाने पैसे उचलण्याचा विचार घरात सुरू होतो. तो करण्याआधी काही गोष्टी शांतपणे पाहणे जरुरीचे आहे.

प्रथम दुखण्याविषयी. दोन मणक्यांमध्ये गादीसारखी चकती असते. तिचा आतील मऊ भाग बाहेर येऊन नसेवर दाबला की पायात कळ जाते. हे प्रथम नीट मांडले अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी, १९३४ साली. तेव्हापासून ऑपरेशने होत आहेत, पण ऑपरेशन सर्वांनाच लागते असे नाही. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत औषध, व्यायाम आणि कामाची ढब बदलल्याने उतरते. हॉलंडमध्ये २८३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे तीव्र कळ सोसलेल्या या रुग्णांपैकी अर्ध्यांचे लगेच ऑपरेशन करण्याचे ठरले आणि अर्ध्यांना थांबण्यास सांगितले गेले. ज्यांचे ऑपरेशन लगेच झाले त्यांची कळ लवकर थांबली, हे खरे. परंतु वर्षाअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के लोक बरे झालेले आढळले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करावेच लागले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की बहुतेक वेळा निर्णयाला सवड असते. घाई एजंटाला असते.

सवड नसते ती एकाच परिस्थितीत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, बसण्याच्या जागेला बधिरपणा येणे, पाऊल उचलता न येणे, यांपैकी काही दिसले तर तासांचा हिशेब असतो. तेव्हा पासपोर्ट शोधत बसू नये. जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचावे.

आता परदेशाची कल्पना कोठून आली ते पाहू. कृत्रिम चकती पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात तयार झाली आणि १९८४ साली प्रथम रुग्णाला बसवली गेली. ती बनविणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी कारिन ब्युटनर-यान्त्स या बाई १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची सुवर्णपदके जिंकलेल्या होत्या. अमेरिकेत या चकतीला परवानगी मिळाली ती थेट २००४ साली. परवानगी मिळाली तरी विमा कंपन्या पैसे देईनात. त्यांचे म्हणणे, दूरचा अनुभव अपुरा आहे. अमेरिकेच्या सरकारी मेडिकेअरनेही २००७ मध्ये साठ वर्षांवरील रुग्णांसाठी कमरेच्या कृत्रिम चकतीचा खर्च नाकारला. तेव्हा अमेरिकन रुग्ण जर्मनीला जाऊ लागले आणि आपल्या भारतातही येऊ लागले. गंमत पाहा, ज्यांना विमा मिळत नव्हता ते ज्या देशात आले त्याच देशातला माणूस आज बाहेर जायला निघतो. आपल्या देशातील मोठ्या शहरांत इराक, येमेन, ओमानहून रुग्ण येतात, ते काही सहलीसाठी येत नाहीत.

तेव्हा प्रश्न बहुधा डॉक्टरांच्या कौशल्याचा नसतो. प्रश्न असतो विम्याच्या कागदाचा, आणि तो कागद आपण घेतो तेव्हा वाचत नाही.

समजा, एका कापड दुकानदाराने मार्च महिन्यात पॉलिसी घेतली आणि ऑगस्टमध्ये कंबर धरली. दावा नाकारला जाईल आणि तो नियमाप्रमाणेच नाकारला जाईल. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना जी 'आरोग्य संजीवनी' नावाची एकसारखी पॉलिसी विकावी लागते, तिच्यात मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध यांच्याबरोबर मणक्याची चकती सरकणे हा आजारही पहिल्या २४ महिन्यांच्या प्रतीक्षा यादीत आहे. अपवाद फक्त अपघाताचा. म्हणून शिडीवरून पडलेल्या किंवा गाडीने ठोकरलेल्या माणसाने रुग्णालयातील पहिला कागद जपून ठेवावा. त्यावर "पडल्यामुळे" हा शब्द आहे की नाही यावर लाखाचा फरक पडतो. अर्थात जे घडले तेच लिहून घ्यावे. खोटे पडणे लिहून घेणारा दुनियेतही पकडला जातो आणि आखिरतमध्येही.

दुसरे कारण लपवाछपवी. पॉलिसी घेण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचे निदान झाले किंवा ज्यावर औषध घेतले, तो जुना आजार धरला जातो. २०२४ च्या नियमांनुसार त्यासाठी कंपनीला जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येते, पूर्वी ४८ महिने थांबवता येत असे. एजंट म्हणतो, "भाईजान, कमरेचे लिहू नका, हप्ता वाढेल." हप्ता वाढला तर वाढू द्यावा. न सांगितलेला आजार जुन्या चिठ्ठीवरून निघाला की दावा जातो, वर पॉलिसीही रद्द होते. याच नियमांनुसार सलग ६० महिने हप्ते भरलेल्या पॉलिसीवर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला हरकत घेता येत नाही. 'सलग' हा शब्द महत्त्वाचा आहे. एक वर्ष मंदी आहे म्हणून हप्ता सोडला की सारी प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून. कंपनी पटत नसेल तर पॉलिसी दुसऱ्या कंपनीत बदलून घेता येते आणि भरलेली वर्षे हिशेबात धरली जातात.

तिसरे कारण आपल्याकडे फार दिसते. कंबर धरली म्हणून तीन दिवस भरती, वजन बांधून झोपवले, एम.आर.आय. काढला, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले. केवळ तपासणीसाठी किंवा विश्रांतीसाठी केलेली भरती विमा देत नाही, मग बिल कितीही पक्के असो.

दावा मंजूर झाला तरी एक फटका बसतो तो खोलीचा. पॉलिसीत खोलीभाडे दिवसाला ५,००० रुपये मान्य आहे आणि आपण पाहुण्यांची सोय म्हणून १०,००० ची खोली घेतली, तर कंपनी फक्त भाडे अर्धे करत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च हेही त्याच प्रमाणात अर्धे होतात. औषधे, तपासण्या आणि आत बसवलेला सांधा किंवा स्क्रू यांना ही कपात लागत नाही. पाहुण्यांना घरी चहा पाजावा.

आणि परदेश? साधी आरोग्य पॉलिसी भारताच्या हद्दीबाहेरील उपचाराचा खर्च देत नाही. काहीजण म्हणतात, प्रवास विमा काढू. प्रवास विमा हा वाटेत अचानक आजारी पडणाऱ्यासाठी असतो. उपचारासाठीच निघालेल्याला आणि जुन्या दुखण्याला तो उपयोगी नाही. चकतीत 'स्टेम सेल' टोचण्याच्या जाहिराती येतात, त्यालाही विमा नाही. सिद्ध न झालेला उपचार पॉलिसीतून वगळलेला असतो.

नकाराचे पत्र आले म्हणून दार बंद झाले असेही नाही. पत्रात कोणत्या कलमाने नाकारले ते लिहिलेले असते, ते कलम पॉलिसीत काढून वाचावे. कारण चुकीचे वाटले तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. तेथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र वर्षाच्या आत अर्ज करावा.

दरम्यान आपल्या नागपुरात काय आहे? १९४७ साली सुरू झालेले मेडिकल आहे, मोमिनपुऱ्याच्या जवळच मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे. त्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंत केली गेली. आपले काही व्यापारी अजून समजतात की ती फक्त पिवळ्या रेशनकार्डाची योजना आहे. ७० वर्षांवरील वडीलधाऱ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेचे वेगळे कार्ड मिळते, मिळकत कितीही असो. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. आपले नेमके ऑपरेशन यादीत आहे का, हे त्याला भरतीपूर्वी विचारावे, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. ऑपरेशन करून मग कार्ड घेऊन धावणाऱ्यांची फेरी फुकट जाते.

एवढे करूनही एखाद्याला परदेशी जाणे भागच असेल, तर हिशेब कापड खरेदीच्या हिशेबासारखाच मांडावा. आधी दोन वेगवेगळ्या सर्जनचे मत, तेही ज्याला आपल्या ऑपरेशनमध्ये स्वारस्य नाही अशाचे. मग रुग्णालयाचे लेखी अंदाजपत्रक, ज्यात काय समाविष्ट नाही तेही लिहिलेले असावे. जखम चिघळली किंवा स्क्रू सरकला तर दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे कोण देणार? बहुतेक पॅकेजे येथेच मूग गिळतात. सोबत्याचे तिकीट, मुक्काम, परतीचे उशिराचे तिकीट धरावे. ऑपरेशननंतर लगेच लांबचा विमानप्रवास केल्यास पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून सर्जनच्या परवानगीशिवाय परतू नये. पैसे बँकेमार्फतच पाठवावेत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि उपचारासाठी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर त्याहून अधिकही. हवाल्याने पाठवलेल्या पैशाची पावती नसते आणि परतावा मागायची वेळ आली तर तोंडही नसते.

दुकानाची व्यवस्था हा या हिशेबातील सर्वांत विसरला जाणारा भाग. चेकवर सही कोण करणार, जी.एस.टी.चे महिन्याचे विवरण २० तारखेपर्यंत कोण भरणार, ईदच्या मालाची उधारी कोण वसूल करणार, हे मुखत्यारपत्र करून व वहीत लिहून जावे. येणे-देणे लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहेच.

पैशाविषयी दोन शब्द. व्याजाचे कर्ज काढून आरोग्य विकत घेण्याआधी बिरादरीत कर्जे हसना, भिशीचा आपला नंबर, भागीदाराकडून उचल हे मार्ग संपले आहेत का ते पाहावे. विम्याविषयी उलेमांत मतभेद आहेत. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने डिसेंबर १९८५ मध्ये व्यापारी विमा नाजायज ठरवून सहकारी तत्त्वावरील विम्याला मान्यता दिली. भारतात तसा आरोग्य विमा सहज मिळत नाही, म्हणून आपल्या परिस्थितीबद्दल विश्वासातील मुफ्तींना विचारून निर्णय घ्यावा. ज्यांनी घ्यायचे ठरवले त्यांच्यासाठी एक बातमी चांगली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य पॉलिसीच्या हप्त्यावर जी.एस.टी. नाही, पूर्वी तो १८ टक्के होता.

आपल्या कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे असतील तर त्यांची ई.एस.आय. नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. १ जानेवारी २०१७ रोजी यासाठी वेतनाची मर्यादा महिना २१,००० करण्यात आली आणि जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का आहे. अड्ड्यावरच्या कारागिराची कंबर धरली की त्याला घरी बसवून नवा माणूस शोधणारे मालक आपल्यातही आहेत. नोंदणी असेल तर त्या कारागिराला आणि त्याच्या घरच्यांना उपचार मिळतात आणि तो आजारपणात घरी असेल त्या दिवसांचा काही पगारही. अर्ज ऑनलाईन भरता येतो, त्यासाठी फी नाही.