मेंदूतील वायुदूत आणि गोबरगॅसची टाकी



गोबरगॅसच्या टाकीजवळ सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. हाच वायू आपल्या मेंदूतही तयार होतो, असे सांगितले तर नवल वाटेल. पण ते खरे आहे.

मेंदूतील एक पेशी दुसरीला निरोप देते तो संदेशद्रव्याच्या रूपाने. ही द्रव्ये पेशीच्या टोकाशी बारीक पिशव्यांत भरलेली असतात. इशारा मिळताच ती बाहेर पडतात व पुढच्या पेशीवरील नेमक्या जागी पोचतात; पोस्टमनने पत्त्यावर पत्र टाकावे तसे.

वायूंची रीत निराळी. ते साठवता येत नाहीत. लागतील तेव्हा, लागतील तेवढेच तयार होतात. फोडणीचा वास शेजारघरी जावा, तसे ते पेशीच्या आवरणातून आरपार जातात. मेंदूच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड वायूचा असा निरोप्या म्हणून उपयोग करतात, हे 1988 साली इंग्लंडमधील जॉन गार्थवेट व सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून पुढे आले. निरोप घेणारी पेशी हा वायू सोडते. तो उलट पाठवणाऱ्या पेशीकडे जातो आणि तिच्यातून सुटणारे संदेशद्रव्य कोठे वाढवतो, कोठे घटवतो. शिकणे व लक्षात ठेवणे यांत त्याचा वाटा आहे. हायड्रोजन सल्फाइडही मेंदूत असेच निरोप्याचे काम करत असावा, असे 1996 साली आबे व किमुरा यांनी सुचवले.

मात्र सारा खेळ प्रमाणाचा. मेंदूत हा वायू अत्यल्प असतो. टाकीत तो साचला, की पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. माणूस क्षणात कोसळतो. शिवाय प्रमाण फार वाढले की नाकच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे मुळीच समजू नये.

म्हणून आपल्या संतपूर भागातील शेतकऱ्यांना आमचे सांगणे:

1. टाकीत, शौचखड्ड्यात वा बंद पडलेल्या विहिरीत सफाईसाठी उतरू नये.
2. पेटता कंदील सोडून पाहण्याच्या जुन्या रीतीवर विसंबू नये. त्याने विषारी वायू कळत नाही. गोबरगॅसजवळ तर स्फोट होईल.
3. कोणी आत पडल्यास मागोमाग उडी घेऊ नये. 112 वर कळवावे. वाचवायला गेलेलेच बळी पडतात.

घरातील तरुणांना हे आजच सांगावे.